राणीची बाग आणि गावचे पाहुणे

गावाहून माणूस मुंबईला आला की त्याला काय काय दाखवायचं, हे लालबाग-परळच्या चाळींत कुणी लिहून ठेवलं नव्हतं, पण ठरलेलं होतं. पहिला मान राणीच्या बागेचा. त्यानंतर महालक्ष्मी, चौपाटी, तारापोरवाला मत्स्यालय, गेटवे, आणि एवढं करून पायांत बळ उरलंच तर मलबार हिलवरचा म्हातारीचा बूट. पाहुणा केईएमला छाती दाखवायला आलेला असो की मुलीसाठी स्थळ बघायला, राणीची बाग न बघता तो परत गेला तर त्याचं मुंबईला जाणं गावात कुणी हिशेबात धरत नसे.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. आमची खोली लालबागला, बागेपासून रमतगमत गेलं तरी अर्ध्या तासाच्या आत. भाऊ लहान, आई खानावळीत अडकलेली; आमच्याकडे आठ-दहा गडी जेवायला असत. म्हणून पाहुणे फिरवून आणायचं काम मी शाळेत जायला लागल्यापासून माझ्याकडे आलं. पुढे महापालिकेच्या शाळेत मास्तरीण झाले, तेव्हा मुलांच्या सहलीही तिथेच. इतक्या वेळा त्या फाटकातून आत गेल्यावर बागेची कुळकथा शोधावीशी वाटली नसती तरच नवल. ती शोधताना एक गोष्ट सारखी समोर येत राहिली. बाग ज्यांनी केली त्यांच्या मनात एक होतं आणि ज्यांनी ती वापरली त्यांनी तिचं भलतंच काही करून टाकलं. मला विचाराल तर हे भलतंच अधिक मोलाचं.

बागेचं मूळ भायखळ्यात नाही, शिवडीला आहे. १८३० च्या दशकापासून तिथे ‘अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ अशा लांबलचक नावाच्या संस्थेची बाग होती. परमुलखातली फुलझाडं, फळझाडं आणि बियाणं आणायचं, ते इथल्या हवेत तगतं का बघायचं, तगलं तर त्याचा प्रसार करायचा, असा तिचा उद्योग. साहेबलोक आणि त्यांच्या उठबशीतले शेठ-सावकार हे सभासद. पुढे शिवडीची ती जागा दफनभूमीसाठी गेली. म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी १८६५ मध्ये केलेलं ते ख्रिस्ती कब्रस्तान आजही तिथे आहे. संस्थेला त्याआधीच भायखळ्याला माउंट इस्टेटवर ३३ एकर जमीन मिळाली होती, आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या पत्नी लेडी फ्रियर यांच्या हस्ते नव्या बागेचं उद्घाटन झालं. व्हिक्टोरिया राणीचं नाव दिलेलं, म्हणून लोकांची ती राणीची बाग. आज पाटीवर वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असं आहे आणि बसच्या कंडक्टरला दोन्ही नावं कळतात.

१८६२ हे साल नीट बघण्यासारखं आहे. अमेरिकेत यादवी सुरू झाली होती, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा नुसता वाहत होता. किल्ल्याच्या भिंती पाडायचं ठरलं, मोठमोठ्या इमारतींचे नकाशे निघाले. बागेतल्याच जागेवर वस्तुसंग्रहालयाचा पाया घातला गेला तो याच वर्षी. त्याला पूर्वपीठिका होती. आधीचा संग्रह फोर्टातल्या टाउन बराकीत होता. १८५७ साली सैन्याला जागा हवी म्हणून तो अक्षरशः बाहेर काढून टाकला गेला. उरलंसुरलं सांभाळणारे डॉ. जॉर्ज बर्डवुड हेच नव्या बागेमागेही होते. त्यांच्या जोडीला डॉ. भाऊ दाजी लाड आणि नाना शंकरशेट. डेव्हिड ससून यांनी सढळ हाताने पैसे दिले. फाटकाजवळचा घड्याळाचा मनोरा त्यांच्याच नावाचा.

मग १८६५ मध्ये अमेरिकेतली लढाई थांबली, कापसाचा भाव कोसळला आणि शेअरच्या सट्ट्यात अर्धी मुंबई बुडाली. संग्रहालयाच्या वर्गणीचा झरा आटला. अर्धवट राहिलेलं काम सरकारने पुरं केलं आणि २ मे १८७२ ला ते उघडलं. बाग चालवणाऱ्या संस्थेचंही निभेना. १८७३ मध्ये बाग म्युनिसिपालिटीच्या गळ्यात पडली. गळ्यात पडली असं मी म्हणते, पण हीच गोष्ट पुढे आमच्यासारख्यांच्या पथ्यावर पडली. संस्थेची बाग सभासदांची असते. म्युनिसिपालिटीची झाली की कालांतराने का होईना, ती रस्त्यावरच्या माणसाची होते.

तेव्हा मात्र रस्त्यावरचा माणूस तिथे फिरकायला मोकळा नव्हता. फाटक बंद असे म्हणून नाही, दिवसच मोकळा नव्हता म्हणून. भायखळा-माझगाव ही त्या काळी बंगलेवाल्यांची वस्ती. संध्याकाळी घोडागाडीतून हवा खायला येणारे येत. उत्तरेला परळ-लालबागकडे गिरण्यांची धुरांडी उभी राहत होती, पण तिथल्या कामगाराला आठवड्याची हक्काची सुटी अशी नव्हतीच. सणावाराला मिळेल ती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि हा प्रश्न लावून धरला. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतला हा माणूस, ‘दीनबंधु’चा संपादक. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे १०,००० कामगारांची सभा भरली. दोन कामगार बायकाही त्या सभेत बोलल्या. आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

आता गंमत बघा. बागेला १५ एकर जागा जोडून तिथे प्राणिसंग्रहालय करायचं ठरलं तेही १८९० मध्येच. एका निर्णयाचा दुसऱ्याशी कागदोपत्री काही संबंध होता, असं मी म्हणत नाही. पण हजारो माणसांच्या हातात रविवार आला आणि त्यांच्या वस्तीपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी वाघ-सिंह आले, हे एकाच वर्षी घडलं. राणीच्या बागेचा खरा जन्म मी १८६२ धरत नाही, १८९० धरते. माझ्या पुस्तकी मित्रांना हे पटत नाही. त्यांना उद्घाटनाची तारीख लागते, लेडी फ्रियरबाई लागतात. बाईंच्या नावाचं ग्रीक धाटणीचं छोटं देऊळ बागेत आहे, तिथे त्यांनी खुशाल जावं.

रविवारची सवय लागली की मागोमाग पाहुणा येतोच. कोकणातून यायचं ते बोटीने. दाभोळ, जयगड, रत्नागिरीहून बसायचं आणि भाऊच्या धक्क्यावर उतरायचं. पावसाळ्यात बोटी बंद. मे महिन्यात आम्हीच गावाला गेलेले असायचो, त्यामुळे गावकऱ्यांची पाळी यायची ती भात झोडून झालं, दिवाळी उरकली की. कार्तिकातली हवा, हातात थोडे पैसे. वडिलांची सकाळची पाळी असेल तर धक्क्यावर घ्यायला काका जात. उतरलेल्या माणसांना बोट लागलेली असायची, तोंडं पिवळी. सोबत फणसपोळी, कुळथाचं पीठ आणि नारळांचं पोतं. पहिला दिवस झोपेत. दुसऱ्या दिवशी पाहुण्याला सकाळच्या भोंग्याने दचकवून उठवलं की तो आपणहून विचारायचा, “बाग कितीशी लांब?”

जायला ट्राम होती. परळ रोडवरून खडखडत जाणारी ट्राम ही स्वतःच बघण्यासारखी चीज होती. माझी गुहागरची थोरली आत्या वरच्या मजल्यावर चढून बसली ती बाग आली तरी उतरायला तयार नव्हती. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली आली, त्याआधी १८७४ पासून घोडे ओढत. ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला आमच्याच रस्त्याने गेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी, गणपती विसर्जनाला असावीत तशी. त्यानंतर पाहुणे बसने न्यावे लागले. बसमध्ये त्यांना मजा वाटत नसे.

आत गेल्यावरचा क्रमही ठरलेला. आधी माकडं, कारण पुडीतले शेंगदाणे तिथेच संपायचे. मग सिंह, वाघ, अस्वल. पाणघोड्यापुढे सगळ्यात जास्त वेळ, कारण तो तोंड कधी उघडेल ते सांगता यायचं नाही आणि उघडलं की बघणाऱ्याचंही उघडं राहायचं. मगर हलत नसे. ती खोटी आहे यावर दर वेळी कुणीतरी पैज लावी आणि खात्री करायला चिल्लर फेकून मारी. हा प्रकार मला तेव्हाही आवडत नसे. हत्तीवर बसायला मिळायचं, त्याची रांग मोठी असायची. हत्तीवर बसलेला माझा चुलतभाऊ गावी जाऊन महिनाभर तेवढंच बोलत होता. बाकी मुंबई त्याच्या लेखी झालीच नव्हती. पुढे प्राण्यांबाबतचे नियम कडक झाले आणि ती सवारी बंद झाली. झाली ते बरंच झालं.

दुपारी गवतावर पटकूर पसरून डबा. दशम्या, लसणीची चटणी, सुकी बटाट्याची भाजी. हे जेवण म्हणजे सहलीचा गाभा होता, असं मला आता वाटतं. चाळीतल्या बाईला दिवसभरात पाय पसरून बसायला जागा कुठे होती? खोलीत पाळीवरून आलेला माणूस झोपलेला, गॅलरीत शेजारच्यांची रेलचेल, नळावर रांग. देवळात बसायचं तर देवाचं काम हवं. बागेत मात्र काही काम नसताना बाईमाणसाने दोन तास झाडाखाली बसलं तर कुणी काही विचारत नसे. आई वर्षातून एकदा-दोनदा खानावळीला सुटी देऊन आमच्याबरोबर येई आणि प्राण्यांकडे ढुंकूनही बघत नसे. ती आणि आत्या पाठीला पाठ लावून बसत आणि सासरची उणीदुणी काढत. लग्न ठरलेली जोडपीही तिथेच भेटत, बरोबर एखादी धाकटी बहीण पाठवलेली असे. अशा दोन वेळा ती धाकटी बहीण मीच होते आणि मला बर्फाचा गोळा देऊन पिंजऱ्यांकडे पिटाळलं होतं.

बागेत दगडाचाही एक हत्ती आहे. तो घारापुरीच्या बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आणून टाकले. पुढे पन्नास वर्षं कुणाला फिकीर नव्हती. १९१४ मध्ये कॅडेल आणि ह्युएट या दोन साहेबांनी ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला. सांधे अजून दिसतात. इतिहास ठाऊक नसताना आत्याने त्या हत्तीला मनोभावे हात जोडले होते, आणि इतिहास ठाऊक झाल्यावर मला वाटतं, तिचंच बरोबर होतं. १९६५ मध्ये आणखी एक दगड-धातूचा पाहुणा इथे आला. फोर्टातला काळा घोडा, म्हणजे घोड्यावर बसलेला सातवा एडवर्ड, राजपुत्र असतानाचा. स्वातंत्र्यानंतर साहेबांचे पुतळे शहरातून हलवले, त्यांतले बरेच संग्रहालयाच्या मागच्या बाजूला येऊन विसावले. राणीच्या नावाच्या बागेत तिच्याच मुलाची रवानगी व्हावी, हे कुणी मुद्दाम जुळवलं असेल तर त्याला दाद द्यायला हवी. संग्रहालयाचं नाव १९७५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यावरून ठेवलं गेलं. आमचे पाहुणे आत जात, पण पंखे बरे आहेत म्हणून.

या सगळ्यात झाडं कुणाच्या खिजगणतीत नव्हती. संस्थापकांनी ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला ती झाडं! गोरखचिंचेचं हत्तीच्या पायासारखं राखी खोड, अंगावरच फुलं-फळं धरणारा कैलासपती, लाल झुंबरं सोडणारी उर्वशी, देशोदेशींचे ताड-माड. खोडांवर लॅटिन नावांच्या पाट्या होत्या. त्या वाचताना मी कुणाला बघितलं नाही, मीही वाचल्या नाहीत. पाहुण्यांना झाडांची काय नवलाई? ते झाडांतूनच उठून आले होते. माझा मामा वडाखाली बसून म्हणाला होता, “इतकी जमीन नि एक आंब्याचं कलम लावू नये ह्यांनी?”

पण या दुर्लक्षानेच झाडं वाचली, असं माझं मत आहे. लोकांचं लक्ष प्राण्यांवर, म्हणून अधिकाऱ्यांचंही प्राण्यांवर. पिंजरे बदलले, खंदक झाले, कारंजी आली-गेली, झाडांना कुणी हात लावला नाही. गिरण्यांच्या धुरात, दोन रेल्वेमार्गांच्या मधल्या पट्ट्यात, ती दीडशे वर्षं वाढत राहिली. पुढे मोजदाद झाली तेव्हा तीन हजारांहून अधिक झाडं आणि २८६ जाती भरल्या. मुंबई बेटावर एवढं जुनं, एवढं निरनिराळं एका जागी दुसरीकडे नाही.

संकट आलं ते लक्ष गेल्यावर. पण त्याआधी पाहुणे आटले होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि अडीच लाख माणसांचा भोंगा थांबला. आमच्या चाळीतली निम्मी बिऱ्हाडं गावी गेली, वडीलही गेले. पाहुण्यांना ठेवून घेणारेच उरले नाहीत तर पाहुणे कुठले? नंतर गोराईला एस्सेलवर्ल्ड झालं, मुलांना पाळणे हवेसे झाले. बागेतले म्हातारे प्राणी एकेक करून गेले आणि रिकाम्या पिंजऱ्यांवर नावांच्या पाट्या तेवढ्या राहिल्या. शाळेची सहल नेली की पोरं विचारायची, “बाई, आत काय आहे?” मी सांगायची, कोंबड्यासारखा दिसणारा तो फेजंट बघा. दुसरं काय सांगणार?

मग २००७ च्या सुमाराला महापालिकेने परदेशी धर्तीवर मोठं प्राणिसंग्रहालय करायचा शेकडो कोटींचा आराखडा काढला. त्यात झाडांचं काय होणार, हा प्रश्न काही नागरिकांनी, विशेषतः बायकांनी, उचलला. झाडं मोजली, नावं लिहिली, वारसा समितीपुढे गेल्या, वर्तमानपत्रांतून लिहिलं. आराखडा बराच छाटला गेला. ज्या बागेत बायकांना नुसतं बसायला मिळालं, ती बायकांनीच राखली. दीडशे वर्षांनी संस्थापकांच्या झाडांना वाली मिळाला तो असा.

प्राणी आले ते वेगळ्या वाटेने. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियाच्या सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले. त्यांतला एक ऑक्टोबरमध्ये दगावला, त्यावरून रान उठलं. मार्च २०१७ मध्ये लोकांना ते बघायला मिळाले आणि गर्दी अशी लोटली की जुने रविवार आठवावेत. त्याच ऑगस्टपासून तिकीट मोठ्यांना पाच रुपयांवरून पन्नास झालं. आई-वडील आणि दोन मुलं असं कुटुंब असेल तर शंभर. थंड हवेच्या काचघराला खर्च येतो, हे मला कळतं. पण चौघांच्या हिशेबात आत्या बसत नाही, मामा बसत नाही, काकूची धाकटी बहीण बसत नाही. आम्ही जायचो ते बारा-बारा जण. चौघांचं कुटुंब धरून दर ठरवणाऱ्याने लालबागची खोली बघितलेली नसावी. पिंजऱ्यांपलीकडे नुसतं झाडाखाली बसायला येणाऱ्यासाठी वेगळं, स्वस्त तिकीट असावं, असं मी महापालिकेला लेखी कळवलं आहे. पोच मिळाली आहे.

परवा गुहागरहून आत्याची नात आली, नवरा आणि दोन मुलं घेऊन. कोकण रेल्वेने आली, दादरच्या हॉटेलात उतरली, बाग बघायला मला सोबत यायला सांगितलं. शंभराच्या तिकिटात ती चौघं बसली, माझं वेगळं काढलं. पेंग्विनची रांग लांब होती, तेव्हा मी त्यांना रांगेत सोडून गोरखचिंचेखाली बसले. मुलं परत आली ती पेंग्विनला वास मारतो म्हणून तक्रार करत. वाघ झोपला होता. मग मी त्यांना दगडी हत्तीपाशी नेलं आणि सांधे बोटांनी चाचपून बघायला लावले. धाकट्याने विचारलं, हा पडला तेव्हा पाडणाऱ्यांना कोण ओरडलं. मी म्हटलं, कुणीच नाही, तेच साहेब होते. त्यांना संग्रहालयही बघायचं होतं, पण ते बुधवारी बंद असतं आणि बागही, तेव्हा मंगळवारच्या आत सगळं उरकायचं ठरलं. म्हातारीचा बूट त्यांनी गुरुवारवर टाकलाय.